जुन्या फ्लेमिश चित्रांतल्या बायका खरंच सारख्या दिसतात का?

व्यक्तिचित्रण शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: पंधराव्या शतकातल्या नेदरलंडी, म्हणजेच फ्लेमिश चित्रांतल्या बायका एकाच घरातल्या का वाटतात? उंच कपाळ, नसल्यासारख्या भुवया, झुकलेली नजर, आवळून बांधलेलं डोकं. ही खऱ्या बायकांची चित्रं आहेत, की तेव्हाच्या सुंदर बाईचा ठरलेला नमुना गिरवलाय? आणि नक्कल करून शिकायचं झालं तर यांतून काय शिकायचं?

साचा आहे, हे आधीच मान्य करते. ज्याला डोळे आहेत त्याला तो दिसतोच. पण एकदा साचा कळला की तो कुठे मोडलाय हेही दिसायला लागतं, आणि समोर बसलेली बाई तुम्हाला तिथेच सापडते. म्हणून आधी साच्याबद्दल सांगते, मग मोडतोडीबद्दल.

मी माणसं समोर बसवून, पैसे घेऊन त्यांची चित्रं करते. या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं की साचा चित्रकार एकटा बनवत नाही. बसणारी व्यक्तीही तो सोबत घेऊन येते. ‘रंग जरा उजळ घ्या’, ‘हनुवटी थोडी कमी करा’ हे आजही ऐकावं लागतं. ब्रूज, गेंट, ब्रसेल्समधल्या कार्यशाळांत १४३० ते १४८०च्या दरम्यान वेगळं काही चालत असेल असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक कोण, तर या भागावर राज्य करणाऱ्या बरगंडीच्या ड्यूकचा दरबार, त्याचे अधिकारी, शहरातले श्रीमंत नागरिक आणि इटलीहून येऊन राहिलेले व्यापारी, पेढीवाले. या सगळ्यांना आपली बायको दरबारातल्या बाईसारखी दिसायला हवी होती.

कपाळ, पोट आणि काळे कपडे

उंच कपाळ ही चित्रकाराची कल्पना नव्हे. बायका कपाळावरचे केस खरोखर उपटून काढत, भुवया बारीक करत, उरलेले केस मागे ओढून टोपीत कोंबत. लग्न झालेल्या बाईचे केस झाकलेले असणं हा रिवाज होता. शतकाच्या सुरुवातीला कानांवर शिंगांसारखे उंचवटे करून त्यावर पांढरं तलम कापड टाकायची पद्धत होती. १४५०नंतर निमुळती, मागे झुकलेली टोपी आली, तिला हेनिन म्हणतात. काही चित्रांत कपाळाच्या मधोमध एक छोटा काळा फासा दिसतो. जड टोपी मागे घसरू लागली की पुढे ओढायला तो असावा. म्हणजे ‘सगळ्या सारख्याच’ यातला निम्मा भाग न्हाव्याच्या आणि शिंप्याच्या खात्यावर टाका.

पोटाचंही तसंच. यान व्हान आयकच्या १४३४च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रातली हिरव्या झग्यातली बाई गरोदर आहे असं अजूनही सांगितलं जातं. नाही. तिने घोळदार, अस्तर लावलेल्या झग्याचा भार उचलून पोटाशी धरलाय. खात्री हवी असेल तर त्याच चित्रकाराचं १४३७चं ड्रेस्डेनमधलं छोटं त्रिपट, म्हणजे तीन जोडलेल्या फळ्यांचं चित्र बघा. त्यातली संत कॅथरीन अगदी अशाच पोटाची आहे, आणि ती तर कुमारिका हुतात्मा. तेव्हाच्या देखण्या बाईची शरीरयष्टीच ती: अरुंद खांदे, वर आवळलेला पट्टा, पुढे आलेलं पोट.

काळ्या कपड्यांना मात्र साधेपणा समजू नका. गडद, न फिटणारा काळा रंग चढवायला कापड पुन्हा पुन्हा रंगवावं लागे आणि ते महाग पडे. बापाचा १४१९मध्ये खून झाल्यावर ड्यूक फिलिपने काळा घालायला सुरुवात केली आणि दरबारात तोच रंग प्रतिष्ठेचा झाला. या काळ्यावर एखादा लाल पट्टा आणि फरची कड आली की झाली श्रीमंती. बोटांतल्या अंगठ्याही बघा. त्या काळी युरोपात पोचणारे हिरे जवळजवळ सगळे आपल्याकडच्या खाणींतून जात. आपला त्या चित्रांशी संबंध जोडायचाच असेल तर तो असा, बोटाच्या टोकाएवढा.

सावली कमी, म्हणून ओळख कमी

आता रंगाच्या बाजूचं कारण. कलेच्या इतिहासावर बोलणारे याकडे फारसं लक्ष देत नाहीत, पण ब्रश हातात धरणाऱ्याला ते लगेच पटेल.

ही चित्रं ओकच्या फळ्यांवर आहेत. फळीवर खडू आणि सरसाचं पांढरं अस्तर, ते घासून गुळगुळीत केलेलं, त्यावर रेखाटन, आणि मग तेलात कालवलेल्या रंगांचे पातळ थर. प्रकाश या थरांतून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो. कातडी आतून उजळल्यासारखी वाटते ती यामुळे. पुरुषाच्या चेहऱ्यात चित्रकार दाढीचे खुंट, गालफडाखालची सावली, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या, सगळं घालतो. तरुण बाईच्या चेहऱ्यात तो सावली जवळजवळ टाळतो, कारण गोरा नितळ रंग हाच मुळी सौंदर्याचा दाखला. शिसपांढऱ्यात लाल रंगाचा अंश, गालांवर किंचित ऊब, आणि संपलं.

सावली काढून घेतली की साम्य पकडायच्या जागाही जातात. मग ओळख उरते ती डोळ्यांची ठेवण, ओठांची रेघ, नाकाचा कणा आणि चेहऱ्याची बाह्यरेषा यांवर. तुम्ही स्वतः करून बघा. समोरून सपाट प्रकाश टाकून दोन तरुण मुलींचे चेहरे रंगवा आणि एका बाजूच्या खिडकीच्या प्रकाशात तेच चेहरे पुन्हा रंगवा. पहिल्या जोडीत दोघी बहिणी वाटतील.

एकाच चित्रकाराच्या दोन बाया

साच्याचा खरा कारागीर रोजिए व्हान डर वेडन. १४३६च्या सुमारास तो ब्रसेल्सचा शहर-चित्रकार झाला आणि १४६४मध्ये वारला. त्याचं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधलं ‘स्त्रीचं व्यक्तिचित्र’ सुमारे १४६०चं आहे. तुमच्या प्रश्नात वर्णन केलेली बाई म्हणजे हीच.

हिच्या चित्रात शरीरशास्त्र शोधायला गेलात तर फसाल. कान खूप वर आणि मागे आहे, जवळपास डोळ्यांच्या पातळीवर. खांदे इतके बारीक की त्यावर हे डोकं तोललं जाणार नाही. कपाळ, गाल, हनुवटी मिळून एक लांबट सुबक आकार. डोक्यावरून उतरणारं पारदर्शक कापड मोठा त्रिकोण करतं, गळ्यापाशी झग्याच्या कडा उलटा त्रिकोण करतात, आणि तळाशी एकमेकींत गुंतवलेली बोटं चौकटीवर टेकल्यासारखी दाबून बसवली आहेत. सगळं भूमितीने बांधलंय. काळा झगा आणि गडद पार्श्वभूमी यांच्यात मधे लाल पट्टा. मला हे चित्र अतिशय आवडतं, पण ही बाई रस्त्यात भेटली तर मी तिला ओळखेन असं मी म्हणणार नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत रोजिएच्या कार्यशाळेतलं त्याच सुमाराचं दुसरं स्त्री-चित्र आहे. दोन्ही शेजारी ठेवा, साचा बोटाने गिरवता येईल.

पण थांबा. बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत रोजिएचंच आणखी एक चित्र आहे, वीस-पंचवीस वर्षं आधीचं, साधारण १४३५ ते १४४०मधलं. पांढऱ्या पंखांसारख्या टोपीतली तरुण बाई. ही थेट तुमच्याकडे बघते. चेहरा भरलेला, ओठ जाड, नाक जरा बोथट, कापड जिथे टाचलंय तिथली टाचणी स्पष्ट दिसते. ही नक्कीच कोणीतरी आहे. काहींना ती चित्रकाराची बायको एलिझाबेथ वाटते. पुरावा काही नाही, पण असं का वाटावं हे चित्र बघितलं की समजतं. इतक्या मोकळेपणाने आपल्याकडे बघणारी बाई त्या काळच्या चित्रांत विरळाच.

म्हणजे रोजिएला बघता येत नव्हतं असं नाही. त्याला हुबेहूब बाई काढता येत होती, आणि नंतर त्याने वेगळं काढायचं ठरवलं. मधल्या काळात दरबारची कामं वाढली, गिऱ्हाईक बदललं, आणि त्याची स्वतःची आवडही बदलली असणार. हा साचा त्याने बायकांनाच लावला असंही नाही. न्यूयॉर्कमधला फ्रांचेस्को देस्ते किंवा अँटवर्पमधला फिलिप द क्रॉय बघा. तीच लांबट बोटं, तोच सडपातळ मान ताठ ठेवलेला डौल. कुलीन माणूस कसा दिसावा याचा त्याच्याकडे एक पक्का विचार होता आणि बाया-पुरुष दोघांनाही तो त्यात बसवत होता.

साम्याची खरी परीक्षा

एकच बाई दोन चित्रकारांनी रंगवली असेल तर काम सोपं होतं. असं एक उदाहरण नशिबाने आहे.

मारिया बारोंचेल्ली ही फ्लॉरेन्सची. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पेढीच्या ब्रूज शाखेचा व्यवस्थापक तोमासो पोर्तिनारी याच्याशी १४७०मध्ये तिचं लग्न झालं. ती तेव्हा चौदा वर्षांची, तो तिच्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठा. लग्नाच्या सुमारास हान्स मेमलिंगने दोघांना रंगवलं. ती दोन्ही चित्रं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. मधे मेरी आणि बाळ येशूचं चित्र होतं, ते हरवलं. मारियाने हात जोडले आहेत ते त्या हरवलेल्या चित्रासमोर. उंच काळी हेनिन, झिरझिरीत ओढणी, फरची कड, आणि गळ्यात रत्नांचा भरगच्च हार. चेहऱ्यावर पोरपण आहे, पण मेमलिंगने ते इतकं गुळगुळीत केलंय की वय नेमकं कळत नाही.

पाच-सहा वर्षांनी तोमासोने ह्यूगो व्हान डर गूसकडून एक प्रचंड वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीवर ठेवायचं चित्र, करून घेतलं. १४८३मध्ये ते फ्लॉरेन्सला पोचलं, आज तिथल्या उफीझी संग्रहालयात आहे. उजव्या पंखावर, म्हणजे बाजूच्या फळीवर, मारिया पुन्हा गुडघे टेकून बसली आहे, मागे मुलगी मार्गेरिता. गळ्यात पुन्हा तसाच भारी हार. पण ही मारिया ओढलेली आहे. गाल बसलेले, डोळ्यांखाली फिकट सावली, कातडी पांढरी नसून पांढुरकी. वयाची विशीसुद्धा धड ओलांडली नसेल, आणि दोन-तीन बाळंतपणं झालेली.

दोघांपैकी खरं कोणाचं? मला विचाराल तर दोघांनीही तीच बाई काढली. नाकाचा लांब कणा, वरच्या पापणीची ठेवण, लहान तोंड जुळतं. मेमलिंगने लग्नातली नवरी काढली, ह्यूगोने सगळ्यांच्याच चेहऱ्यांत जो ताण आणला तो हिच्याही चेहऱ्यात आणला. त्याच वेदीचित्रातले मेंढपाळ बघा, त्यांचे उघडे तोंड, खरबरीत हात. ह्यूगो कुणालाच सोडत नव्हता. तेव्हा साम्य मोजताना चित्रकाराची सवय आधी वजा करावी लागते. मगच बाईचा चेहरा उरतो.

मार्गारेटा

आता माझं सगळ्यात आवडतं. ब्रूजच्या ग्रुनिंगे संग्रहालयात यान व्हान आयकने काढलेलं स्वतःच्या बायकोचं चित्र आहे. चौकटीसकट जेमतेम ४१ बाय ३५ सेंटिमीटर. चौकट मूळची आहे आणि तिच्यावर लॅटिन अक्षरं कोरल्यासारखी रंगवली आहेत. बोलते ती चौकटीतली बाई: माझ्या नवऱ्याने, योहानेसने, मला १४३९ साली १७ जूनला पूर्ण केलं, माझं वय तेहतीस. खाली त्याचं नेहमीचं ब्रीद, ‘मला जमेल तसं’.

हे चित्र कुणी विकत घेणार नव्हतं. निदान तसं दिसतं तरी. त्यामुळे इथे गोडवा नाही. ओठ पातळ आणि मिटलेले, नाक लांब, डोळ्यांत किंचित जाचक हुशारी. डोकं शरीराच्या मानाने मोठं. नवऱ्याने तिला तरुण केलं नाही की गोरी बाहुली केलं नाही. लाल लोकरी झगा, राखाडी फर, हिरवा पट्टा, आणि डोक्यावर शिंगांची ती टोपी, जिच्या पांढऱ्या कापडाच्या झालरीचे पापुद्रे एकेक करून रंगवले आहेत. व्हान आयकच्या हातात जेवढी चिकाटी होती तेवढी त्याने या झालरीत ओतली. तिथे भरपूर वेळ घालवा, कारण मऊ कापडाची घडी आणि तिच्या आतली उजळ सावली यांचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

आणि तिची नजर. ती आपल्याकडे बघते, म्हणजे खरं तर इझलपलीकडे बसलेल्या नवऱ्याकडे. समोर बसलेली व्यक्ती चित्रकाराला आतबाहेर ओळखत असली की तिच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट कंटाळा येतो. मी घरच्या माणसांना बसवते तेव्हा तो मला नेहमी दिसतो. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर तो कधी येत नाही.

व्हान आयक १४४१मध्ये वारला. पुढे मार्गारेटाला ड्यूककडून मदत मिळाली आणि मुलीला मठात जाण्यासाठीही त्याने पैसे दिले, असं हिशेबांच्या नोंदींवरून कळतं. एवढ्या मोठ्या काळातल्या किती बायकांबद्दल आपल्याला एवढंही माहीत आहे?

नावं कुठे गेली

फारच थोड्यांबद्दल, आणि त्याचं कारण चित्रांच्या रचनेतच आहे. नवरा-बायकोची जोडचित्रं असत. नवरा आपल्या डाव्या हाताला, बायको उजव्या हाताला. म्हणजे त्यांच्या दृष्टीने नवरा मानाच्या बाजूला. दोघं एकमेकांकडे किंवा मधल्या देवाकडे वळलेले. लंडनमधली रॉबर्ट काम्पिनची १४३५च्या सुमाराची जोडी अजून एकत्र आहे, म्हणून ही मांडणी नीट दिसते. तिथल्या बाईच्या पांढऱ्या फेट्याच्या टाचण्याही जरूर बघा. पण बहुतेक जोड्या वारसांनी, विक्रेत्यांनी फोडल्या. वयस्क जोडप्याचं मेमलिंगचं चित्र तर असं फुटलंय की म्हातारा बर्लिनमध्ये आणि म्हातारी पॅरिसला लुव्ह्रमध्ये. एकटी बाई आपल्या डावीकडे तोंड करून बसलेली दिसली, तर तिचा नवरा किंवा तिचा देव हरवलाय का, हा प्रश्न आधी विचारा. वंशचिन्ह आणि नाव बरेचदा नवऱ्याच्या फळीवर, चौकटीवर किंवा मागच्या बाजूला असे. ते गेलं की बाई बेनाम.

बेनाम बाईला मग लोक नावं देतात. ब्रूजच्या संत जॉनच्या जुन्या रुग्णालयात, आज जिथे मेमलिंगची चित्रं आहेत, त्याचंच १४८०चं एका तरुण बाईचं चित्र आहे. बोटं चौकटीच्या कडेवर टेकवलेली. सोळाव्या शतकात कुणीतरी त्यावर पट्टी रंगवून टाकली: पर्शियाची भविष्यवेत्ती सिबिल. झाली ती सिबिल. आणि गंमत अशी की लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात रोजिएच्या कार्यशाळेतलं पोर्तुगालच्या इसाबेलाचं चित्र आहे, त्यावरही नंतर कुणीतरी हेच लिहून ठेवलंय. बरगंडीची डचेस, पण पाटी सिबिलची. टोपी जरा परदेशी वाटली की पर्शिया, असा हिशेब असावा.

त्या गेटीतल्या चित्राबद्दल आणखी एक. इसाबेला बहुधा यासाठी बसलीच नव्हती. चेहरा आधीच्या एखाद्या चित्रावरून घेतला असावा असं मानतात. झग्याच्या जरीची नक्षी बाहीच्या शिवणीपाशी जशी जुळायला हवी तशी जुळत नाही. खऱ्या झग्यासमोर बसलेला चित्रकार इतका बेफिकीर राहिला नसता.

ज्या चित्रासाठी ती खरोखर बसली ते हरवलं. १४२८मध्ये ड्यूक फिलिपने तिला मागणी घालायला लिस्बनला माणसं पाठवली, त्यांच्यात व्हान आयक होता. त्याने राजकन्येची दोन चित्रं केली. १४२९मध्ये एक जमिनीवरून आणि एक समुद्रमार्गे अशी दोन्ही पाठवली, न जाणो एक वाटेत बुडालं तर. जानेवारी १४३०मध्ये लग्न झालं. पत्रिकेबरोबर मुलीचा फोटो पाठवण्याची आपली रीत आहे ना, तेच हे, फक्त इथे फोटोग्राफर मुलाकडचा. अशा चित्रात गोडवा घातला तर चित्रकाराचीच मान अडकायची. आज त्यातल्या एका चित्राची जुनी रेखाटित नक्कल तेवढी उरली आहे. ही इसाबेला म्हणजे पुढे समुद्रमोहिमांसाठी गाजलेल्या राजपुत्र हेन्रीची बहीण. त्या मोहिमांचा रस्ता शेवटी आपल्या किनाऱ्यावर आला, हे जाता जाता.

पेत्रुस क्रिस्तुसची बर्लिनमधली मुलगी वेगळ्याच वाटेने बेनाम झाली. चित्र साधारण १४७०चं, ए-फोर कागदाएवढं. गोरा अंड्यासारखा चेहरा, तिरपे डोळे, हनुवटीखालून पट्टा घेतलेली काळी टोपी. मागे नुसत्या अंधाराऐवजी खोलीची लाकडी भिंत. ती आपल्याकडे बघते, पण आमंत्रण देत नाही. उलट तुम्ही कोण असं विचारते. एकोणिसाव्या शतकात एका अभ्यासकाने चौकटीवर वाचलं होतं की ही टॅलबट या इंग्रज घराण्यातली. चौकट पुढे हरवली. फ्लॉरेन्सच्या मेदिचींकडे याच चित्रकाराचं एका बाईचं चित्र होतं अशी पंधराव्या शतकाच्या शेवटची यादी सांगते. ते हेच असावं असा अनेकांचा कयास आहे. तसं असेल तर या मुलीचं नाव कुणालाही माहीत नसताना तिचा चेहरा इटलीत जपला जात होता.

इटलीत तोवर बायकांना बाजूने काढत. नाण्यावरच्या राजासारखं प्रोफाइल. त्यात डोळा कधीच तुमच्याशी भिडत नाही. चेहरा तीन-चतुर्थांश वळवायची ही फ्लेमिश रीत तिकडे पोचली, आणि १४७०च्या दशकात लिओनार्दोने जिनेव्हरा दे बेंचीला तशी वळवली. तेही चित्र वॉशिंग्टनला रोजिएच्या त्या बाईच्याच संग्रहालयात आहे. तिकडे गेलात तर एकापाठोपाठ एक बघा.

म्हाताऱ्यांचं थोडक्यात सांगते. वय झालं की साचा ढिला होतो. गेंटच्या १४३२च्या वेदीचित्राच्या बाहेरच्या बाजूला देणगीदार योस फायटची बायको एलिझाबेथ बोरलूट गुडघे टेकून आहे. लांब नाक, जड चेहरा, काहीही झाकलेलं नाही. २०१२ ते २०१६दरम्यान या फळ्यांवरचे नंतरचे रंग काढले तेव्हापासून तिच्या कपड्यांच्या घड्यांना पुन्हा खोली आली आहे. आणि १५१३च्या सुमाराची क्वेंटिन मॅसिसची ती कुप्रसिद्ध ‘कुरूप डचेस’ कुणाचं व्यक्तिचित्र नसून थट्टा आहे. तिने मार्गारेटाच्या काळातली, म्हणजे तेव्हा पाऊणशे वर्षं जुनी झालेली शिंगांची टोपी घातली आहे, आणि नवऱ्याच्या जागी, मानाच्या बाजूला बसली आहे. साचा इतका पक्का होता म्हणूनच ही थट्टा कळत होती.

नक्कल कुठून सुरू करावी

वॉशिंग्टनच्या बाईपासून नको. सगळे तिथूनच सुरू करतात, कारण ती सोपी दिसते. तिची भूमिती उचलली जाते आणि हातात एक मुखवटा येतो.

बर्लिनची पंखांच्या टोपीतली बाई आधी घ्या, फक्त पेन्सिलने. टोपीची कड, टाचणी आणि कपाळ यांच्यातली तीन पांढरी वेगवेगळी ओळखा: कापडाचं पांढरं, कापडातून दिसणाऱ्या कातडीचं आणि उघड्या कातडीचं. ते जमलं की मार्गारेटा तेलात, पातळ थरांनी, प्रत्येक थर वाळू देऊन. आपल्याकडच्या दमट हवेत थर वाळायला वेळ लागतो. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. बाजारातला टायटॅनियम पांढरा कातडीसाठी फार अपारदर्शक आणि थंड पडतो, म्हणून तो अगदी थोडा वापरा आणि खालच्या अस्तराला काम करू द्या. शिसपांढरा मिळाला तरी विषारी आहे, नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. चित्रांचे मोठ्या आकाराचे फोटो वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत, तिथे टाचणीच्या डोक्यापर्यंत जाता येतं.

मारिया पोर्तिनारी मग शेवटी, आणि दोन्ही. मेमलिंगची एक, ह्यूगोची एक, शेजारी शेजारी एकाच मापात. दुसरी करताना पहिलीचे कुठले आकार तुम्ही न बघता हाताने आपोआप घेताय ते टिपून ठेवा. तो तुमचा स्वतःचा साचा.